भाग ४१ : ‘ड्रायव्हर मिळत नाही’ म्हणजे नेमकं काय मिळत नाही?

(ऑडिओ भागाचं हे लेखी रूप. बोलतानाचे ‘अं’, ‘म्हणजे बघा’ आणि मध्येच वाजलेली कुकरची शिट्टी काढून टाकली आहे. कमांड मी जशा उच्चारल्या तशाच इथे लिहिल्यात. टाईप करताना इंग्रजी लहान अक्षरं वापरा.)

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकण्याबद्दल एक भाग करा, असं तुमच्यापैकी बरेच जण सांगत होते. खरं तर ‘टाकण्याबद्दल’ बोलण्यासारखं आता फार उरलेलं नाही. पेन ड्राइव्ह बनवायचा, त्यावरून मशीन सुरू करायचं, चार-पाच प्रश्नांची उत्तरं द्यायची, झालं. गाडी अडते ती त्यानंतर. स्क्रीन दिसते, माउस हलतो, पण वाय-फायची खूणच नाही. किंवा आवाज नाही. किंवा झाकण मिटून उघडलं की स्क्रीन काळी. मग आपण लॅपटॉपचं मॉडेल आणि त्यापुढे ‘लिनक्स वायफाय ड्रायव्हर’ असं शोधतो, बारा वर्षांपूर्वीचे सात उपाय सापडतात, त्यातले चार एकापाठोपाठ एक करून बघतो, आणि शेवटी ‘हे आपल्यासाठी नाही’ म्हणत मशीन माळ्यावर जातं.

आजचा भाग या मधल्या टप्प्याबद्दल. माझं म्हणणं एवढंच की ‘ड्रायव्हर मिळत नाही’ हा एकच आजार नाहीये. तीन वेगवेगळे आजार आहेत, तिघांची औषधं वेगळी, आणि आपल्याला कुठला झालाय हे ओळखायला पाच मिनिटं पुरतात. उपाय करायला लागण्याआधी ती पाच मिनिटं द्या, बाकी काही नाही.

आत्ताच हा विषय का? विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी वर्षभराची वाढीव मुदत मिळते, पण ती वर्षभराचीच. आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, शिवाय मोजके अपवाद सोडले तर इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर. म्हणजे २०१२-१३ मध्ये घेतलेला, आजही नीट सुरू होणारा लॅपटॉप या चाळणीतून खालीच पडतो. माझ्या मामेबहिणीचा तसाच होता. तिसऱ्या पिढीचा कोअर आय-थ्री, ४ जीबी रॅम, जुनी फिरती हार्ड डिस्क. ती पुण्यात खोली घेऊन एमपीएससीची तयारी करते. पीडीएफ, यूट्यूबवरची लेक्चर्स, फॉर्म भरणं, एवढंच काम. दुकानदार म्हणाला, याला काही अर्थ नाही, नवीन घ्या. नवीन म्हणजे तिच्या कित्येक महिन्यांच्या खोलीभाड्याइतके पैसे. तिच्या मशीनमध्ये आम्ही साधी साटा एसएसडी बसवली, रॅम ८ जीबी केली आणि लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती टाकली. मिंटची २२ ही मालिका २०२९ पर्यंत अपडेट मिळवत राहणार आहे. तिची परीक्षा त्याआधी नक्की होईल, असं आयोगावर विश्वास ठेवून म्हणते.

एक ताकीद मात्र आधीच देते. ज्यांचं पोट टॅलीवर किंवा कोरलड्रॉवर आहे, त्यांनी हा भाग ऐकून लगेच विंडोज पुसू नका. या गोष्टी लिनक्सवर सरळ चालत नाहीत, आणि खटपट करून चालवल्या तरी मार्चअखेरीस रात्री अकराला बंद पडल्या तर मला फोन करून उपयोग नाही. डिजिटल सहीचं टोकन वापरत असाल तर त्याच्या निर्मात्याने लिनक्ससाठी ड्रायव्हर दिलाय का, हे आधी बघा.

आता मूळ मुद्दा. ड्रायव्हर म्हणजे दुभाष्या. वर कर्नल बसलेलं असतं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. खाली वाय-फायची चिप, साउंडची चिप, कॅमेरा. प्रत्येकाची बोली वेगळी. दुभाष्या मध्ये नसेल तर बोलणंच होत नाही. विंडोजमध्ये हा दुभाष्या चिप बनवणारी कंपनी देते. आपण सीडीवरून किंवा वेबसाइटवरून आणून बसवतो. त्यामुळे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय की मशीन आलं की ड्रायव्हर ‘आणायचा’ असतो. लिनक्समध्ये बहुतेक दुभाषे कर्नलच्या घरातच राहतात. लिनक्स कर्नलच्या एकूण कोडपैकी निम्म्याहून जास्त कोड ड्रायव्हरचा आहे. जुन्या मशीनच्या बाबतीत हा मोठा फायदा आहे. कंपनीने हात वर केले तरी दुभाष्या घरातच असतो आणि नव्या कर्नलबरोबर त्याचीही डागडुजी होत राहते. म्हणून दहा वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपमध्ये ऐंशी-नव्वद टक्के गोष्टी काही न करता चालतात. (हा माझा अंदाज बरं का, सर्वेक्षण नव्हे.)

पण मग कुठल्या चिपसाठी कुठला दुभाष्या उठवायचा, हे कर्नलला कळतं कसं? इथे खरी गंमत आहे. प्रत्येक चिप स्वतःची ओळख दोन आकड्यांत सांगते. पहिला आकडा कंपनीचा, दुसरा त्या चिपचा. दोन्ही हेक्साडेसिमल, चार-चार अंकी. एएमडीचा १००२, एनव्हिडियाचा १०डीई, रिअलटेकचा १०ईसी, ब्रॉडकॉमचा १४ई४, अथेरॉसचा १६८सी. इंटेलने स्वतःसाठी ८०८६ घेतलाय. ज्यांनी इंजिनिअरिंगला ८०८६ चं असेंब्ली प्रोग्रॅमिंग घोकलंय, त्यांना तो दिसला की अजून पोटात गोळा येतो. प्रत्येक ड्रायव्हरकडे ‘मला या या आकड्यांशी बोलता येतं’ अशी यादी असते. मशीन सुरू होताना यादी आणि आकडा जुळला की तो ड्रायव्हर आपोआप उठतो.

म्हणजे शोधायचं काय? लॅपटॉपचं मॉडेल नव्हे, हा आकडा. कारण एकाच मॉडेलच्या लॅपटॉपमध्ये कंपन्या दोन-तीन वेगवेगळी वाय-फाय कार्डं बसवतात, ज्या महिन्यात जे मिळेल ते. शेजाऱ्याच्या ‘त्याच’ लॅपटॉपवर चाललेला उपाय तुमच्यावर चालेलच असं नाही. याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण म्हणजे टीपी-लिंकचा डब्ल्यूएन७२२एन हा यूएसबी वाय-फाय डोंगल. त्याच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची चिप होती, लिनक्सवर हमखास चालणारी. दुसऱ्या आवृत्तीपासून आत रिअलटेकची चिप आली. नाव तेच, आतला माणूस वेगळा. जुने लेख वाचून लोक तो डोंगल घेतात आणि कपाळाला हात लावतात.

हा आकडा मिळवायला टर्मिनल उघडा आणि टाईप करा: एलएसपीसीआय, मग एक स्पेस, मग डॅश एनएनके. यूएसबीवर जोडलेल्या गोष्टींसाठी एलएसयूएसबी. पहिल्या कमांडने मोठी यादी येईल. घाबरू नका, त्यात ‘नेटवर्क कंट्रोलर’ असं लिहिलेली ओळ शोधा. तिच्या शेवटी चौकटी कंसात तो जोड-आकडा असेल. आणि त्याखाली एक ओळ दिसते, किंवा दिसत नाही: ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’. निम्मं निदान इथेच होतं. ओळ असेल तर दुभाष्या कामावर आलाय, अडचण दुसरीकडे आहे. ओळच नसेल तर दुभाष्या आलेला नाही.

आता तीन आजार.

पहिला: ड्रायव्हर आहे, पण फर्मवेअर नाही. या दोन शब्दांची सगळीकडे खिचडी होते, म्हणून जरा थांबते. ड्रायव्हर तुमच्या प्रोसेसरवर चालतो. फर्मवेअर हा त्या चिपच्या आत चालणारा प्रोग्रॅम. बऱ्याच वाय-फाय चिपमध्ये तो कायमचा साठवलेला नसतो; दर वेळी मशीन सुरू झालं की ड्रायव्हर डिस्कवरून ती फाइल उचलतो आणि चिपमध्ये भरतो. फाइल नसेल तर दुभाष्या हजर, पण समोरचा माणूस बेशुद्ध. ओळखायचं कसं? सुडो डीएमईएसजी चालवा आणि त्यात ‘फर्मवेअर’ शब्द शोधा. ‘फेल्ड विथ एरर मायनस टू’ असं दिसलं तर तो उणे दोन म्हणजे ‘फाइल सापडली नाही’. अर्धवट घाबरवणारा इंग्रजी मजकूर असतो, पण म्हणणं एवढंच असतं. औषध सोपं: फर्मवेअरचं पॅकेज टाका आणि मशीन पुन्हा सुरू करा. उबुंटू आणि मिंटमध्ये बहुतेक फर्मवेअर आधीच येतं. डेबियनमध्ये कित्येक वर्षं येत नव्हतं, कारण ते मुक्त सॉफ्टवेअर नाही आणि डेबियनची मंडळी तत्त्वाला घट्ट. २०२२ मध्ये त्यांनी रीतसर मतदान घेतलं आणि डेबियन १२ पासून, म्हणजे जून २०२३ पासून, फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये आलं. त्याआधीचे डेबियनचे रडगाण्याचे लेख वाचत असाल तर ते बाजूला ठेवा.

दुसरा: ड्रायव्हर आहे, फर्मवेअर आहे, पण कोणीतरी दार लावलंय. हा आजार मला सगळ्यात जास्त चिडवतो, कारण यात सगळं ‘इन्स्टॉल झालं’ असं दिसतं आणि काहीच चालत नाही. दार लावणारे दोन असतात. एक साधा: त्या काळातल्या लॅपटॉपच्या कडेला वाय-फायचं छोटं बटण किंवा सरकपट्टी असायची. आरएफकिल लिस्ट अशी कमांड द्या. ‘हार्ड ब्लॉक्ड’च्या पुढे ‘येस’ आलं तर जगातला कुठलाही ड्रायव्हर टाकून फरक पडणार नाही, बोटाने बटण सरकवा. ‘सॉफ्ट ब्लॉक्ड’ असेल तर आरएफकिल अनब्लॉक ऑल.

दुसरा दार लावणारा म्हणजे सिक्युअर बूट. विंडोज ८ च्या काळापासूनच्या मशीनमध्ये हा असतो. सही नसलेला कोड सुरुवातीलाच आत येऊ द्यायचा नाही, हे त्याचं काम, आणि ते चांगलं काम आहे. कर्नलबरोबर आलेल्या ड्रायव्हरवर सही असते. पण बाहेरून आणून तुमच्याच मशीनवर तयार झालेल्या ड्रायव्हरवर कोण सही करणार? म्हणून तो ड्रायव्हर टाकताना सिस्टिम तुमच्या मशीनपुरती एक किल्ली बनवते आणि एक पासवर्ड ठरवायला सांगते. पुन्हा सुरू केल्यावर निळा पडदा येतो. त्यावर ‘एनरोल एमओके’ निवडायचं, ‘कंटिन्यू’, ‘येस’, आणि तोच पासवर्ड. पण हा निळा पडदा दहा सेकंद वाट बघतो आणि निघून जातो! मशीन चालू करून आपण चहा ओतायला गेलो की संधी गेली. मग ड्रायव्हर यादीत दिसतो, वाय-फाय मात्र नाही. हाताने ड्रायव्हर उठवायला गेलं की ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असं उत्तर येतं. हे वाक्य दिसलं की समजा, गोष्ट सहीची आहे, ड्रायव्हर बदलू नका. पॅकेज पुन्हा टाका, पासवर्ड पुन्हा ठरवा, या वेळी मशीनसमोर बसून राहा. काही जण सरळ बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद करतात. घरातल्या जुन्या मशीनवर मला ते फार वावगं वाटत नाही, पण दहा सेकंद थांबणं त्यापेक्षा सोपं आहे.

तिसरा: ड्रायव्हर खरंच घरात नाही, बाहेरून आणावा लागतो. जुन्या लॅपटॉपमध्ये हा प्रकार मुख्यतः दोन ठिकाणी भेटतो. ब्रॉडकॉमचं वाय-फाय आणि एनव्हिडियाचं ग्राफिक्स.

ब्रॉडकॉमची गोष्ट सांगण्यासारखी आहे. या कंपनीने सुरुवातीला लिनक्ससाठी मुक्त ड्रायव्हर दिला नाही आणि चिपची माहितीही दिली नाही. मग काही स्वयंसेवकांनी ती उलगडून काढली. काम दोन गटांत वाटलेलं. एका गटाने कंपनीचा ड्रायव्हर उकलून, चिप कशी चालते याचं वर्णन लिहिलं. दुसऱ्या गटाने मूळ कोडकडे ढुंकूनही न बघता, फक्त ते वर्णन वाचून नवा ड्रायव्हर लिहिला. कॉपी केल्याचा आरोप येऊ नये म्हणून ही सोवळं पाळल्यासारखी शिस्त. त्यातून आलेला ड्रायव्हर म्हणजे बी४३. पण त्याला लागणारं फर्मवेअर वाटण्याची परवानगी नव्हती. म्हणून एक छोटा प्रोग्रॅम आला, जो कंपनीच्या ड्रायव्हरमधून फर्मवेअर कापून काढतो. तो ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट लागतं. आणि आपल्याला इंटरनेट नाही म्हणून तर हे सगळं चाललंय! पुढे सप्टेंबर २०१० मध्ये कंपनीने स्वतः एक मुक्त ड्रायव्हर दिला, पण मोजक्या चिपसाठी. उरलेल्यांसाठी तिचा बंदिस्त ड्रायव्हर, त्याचं नाव डब्ल्यूएल.

या इतिहासाचा आज काय उपयोग? हा. १४ई४:४३१५ असा आकडा असेल तर बी४३ चालतो. १४ई४:४७२७ असेल तर कर्नलमधलाच बीआरसीएमएसमॅक चालतो, काही आणायचं नाही. आणि १४ई४:४३६५ असेल, म्हणजे २०१३ च्या आसपासच्या स्वस्त लॅपटॉपमध्ये सर्रास सापडणारी बीसीएम४३१४२, तर फक्त डब्ल्यूएल. तिघीही ‘ब्रॉडकॉम वाय-फाय’च. इंटरनेटवर ‘ब्रॉडकॉमचा उपाय’ म्हणून यातलं काहीही सांगितलेलं असतं. शिवाय डब्ल्यूएल टाकताना तो बाकीच्या ब्रॉडकॉम ड्रायव्हरना गप्प बसवतो. त्यामुळे ४७२७ वाल्याने ४३६५ चा उपाय केला की आधी चाललेलं वाय-फायही जाऊ शकतं. चार उपाय एकापाठोपाठ करू नका म्हणते ते यासाठी.

४३६५ साठी मिंटमध्ये ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडायचा, तो स्वतःच ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस सुचवतो. इंटरनेट नाही म्हणून तो कुरकुरला, तर ज्या पेन ड्राइव्हवरून मिंट टाकलं तोच पुन्हा लावा आणि फाइल मॅनेजरमध्ये एकदा उघडा. लागणारा ड्रायव्हर त्यातूनही घेण्याची सोय आहे. याहून सोपा मार्ग: अँड्रॉइड फोन केबलने जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. लिनक्सला फोन म्हणजे वायरवालं नेटवर्क कार्ड वाटतं आणि त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये असतोच. फोन घरच्या वाय-फायवर असेल तर डेटाही खर्च होत नाही. या एका युक्तीने अर्धी अंडं-आधी-की-कोंबडी सुटतात.

इथे माझं एक स्पष्ट मत आहे. डब्ल्यूएल ड्रायव्हर चालतो, पण कंपनीने २०१५ नंतर त्याची नवी आवृत्ती काढलेली नाही. नवं कर्नल आलं की डेबियन आणि उबुंटूची माणसं त्याला ठिगळं लावून चालतं ठेवतात. आतला कोड बंदिस्त असल्यामुळे त्यातल्या माहीत असलेल्या काही सुरक्षा त्रुटीही त्यांना बुजवता येत नाहीत. लेक्चर बघायला ठीक. पण त्याच मशीनवर रोज बँकेचे व्यवहार करणार असाल तर मी कार्डच बदलेन. या लॅपटॉपमध्ये वाय-फायचं कार्ड बहुधा खालच्या झाकणाच्या आत, एका स्क्रूवर बसलेलं असतं. अथेरॉसचं जुनं मिनी पीसीआय एक्सप्रेस कार्ड, एथ९के ड्रायव्हरवालं, हे लिनक्सचं जुनं सोनं: ड्रायव्हर कर्नलमध्ये, आणि वेगळी फर्मवेअर फाइलही लागत नाही. फक्त काही लॅपटॉपचा बायोस ठरावीक कार्डंच स्वीकारतो, तेवढं घेण्याआधी बघा. तसं असेल तर चांगला यूएसबी डोंगल. पण पुन्हा, पुठ्ठ्यावरचं नाव नव्हे, आतली चिप विचारून.

एनव्हिडियाचं लवकर आवरते. २०१२ मध्ये लिनस टोरवाल्ड्स फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात बोलताना कॅमेऱ्याकडे मधलं बोट दाखवून जे म्हणाला, ते या कंपनीलाच. मे २०२२ मध्ये कंपनीने कर्नलमधले ड्रायव्हर मुक्त केले, पण ते ट्युरिंग पिढीपासून पुढच्या कार्डांसाठी. जुन्यांना त्याचा काही फायदा नाही. फर्मी पिढीची कार्डं ३९० मालिकेचा ड्रायव्हर मागतात, आणि त्याचा आधार २०२२ च्या अखेरीस संपलाय. तेव्हा जुन्या लॅपटॉपमध्ये इंटेल आणि एनव्हिडिया दोन्ही असतील तर माझा सल्ला: एनव्हिडिया विसरा. नूवो हा मुक्त ड्रायव्हर असतोच, तो त्याला सांभाळेल. स्क्रीनचं काम इंटेल करेल. गेम खेळायला तुम्ही हे मशीन ठेवलेलं नाही.

इंटेलच्या ग्राफिक्सला काही टाकावं लागत नाही. पण यूट्यूबच्या बाबतीत एक बारीक गोष्ट आहे, मामेबहिणीच्या मशीनवर हीच उपयोगी पडली. यूट्यूब व्हिडिओ बहुधा व्हीपी९ किंवा एव्ही१ या प्रकारात पाठवतं. तिसऱ्या पिढीच्या इंटेलच्या चिपला एच.२६४ उलगडता येतं, हे दोन येत नाहीत. मग सगळा भार प्रोसेसरवर, पंखा घोंघावतो, व्हिडिओ अडखळतो, आणि आपण म्हणतो लिनक्स संथ आहे. ब्राउझरमध्ये एच.२६४ च मागणारं एक छोटं एक्स्टेन्शन मिळतं, ते टाका, आणि आय९६५-व्हीए-ड्रायव्हर हे पॅकेज आहे का बघा. नव्या चिपसाठीचं ‘इंटेल-मीडिया’ नावाचं पॅकेज या पिढीला लागू नाही. आवाजाचं तर बऱ्याचदा एवढंच असतं, की आवाज एचडीएमआयकडे जात असतो. सेटिंगमध्ये जाऊन ‘स्पीकर’ निवडा.

रिअलटेकचा एक नमुना सांगते, कारण त्यात वरचे तिन्ही आजार नाहीत. आरटीएल८७२३बीई. ड्रायव्हर आहे, फर्मवेअर आहे, वाय-फाय दिसतं, पण राउटर असलेली खोली सोडली की गेलं. काही लॅपटॉपमध्ये दोन अँटेनांच्या जागी एकच जोडलेली असते आणि ड्रायव्हर दुसऱ्या, रिकाम्या जागेवर ऐकत बसतो. ड्रायव्हरला ‘एएनटी-अंडरस्कोर-सेल’ नावाचा पर्याय देता येतो; १ देऊन बघा, नाहीतर २. मॉडप्रोब-डॉट-डी या फोल्डरमधल्या फाइलमध्ये एक ओळ, बस्स.

प्रिंटर! ऑफिसांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत घर करून बसलेले दोन: एचपी लेझरजेट १०२० आणि कॅनन एलबीपी२९००. १०२० च्या पोटात स्वतःचं फर्मवेअर कायम राहत नाही. दर वेळी प्रिंटर चालू केला की संगणकाने ते भरायचं. म्हणून एचपीलिप टाकूनही पान बाहेर येत नाही, जोवर एचपी-प्लगइन ही कमांड देऊन त्याचा बंदिस्त भाग उतरवत नाही तोवर. पहिल्या आजाराचाच हा चुलतभाऊ. एलबीपी२९०० ची कॅप्ट नावाची स्वतःचीच भाषा आहे. त्याचा लिनक्स ड्रायव्हर कंपनीने दिलेला आहे, पण तो जुन्या वळणाचा आणि आजच्या सिस्टिमवर बसवायला चिवट. घरात हाच प्रिंटर असेल तर एक रविवार राखून ठेवा, किंवा पीडीएफ करून कोपऱ्यावरच्या दुकानात जा.

हे सगळं करायच्या आधी, विंडोज पुसण्याच्याही आधी, पेन ड्राइव्हवरूनच लिनक्स चालवून बघा. याला लाइव्ह मोड म्हणतात आणि त्यात डिस्कला हात लागत नाही. अर्धा तास द्या. वाय-फाय, ब्लूटूथ, स्पीकर, माइक, कॅमेरा, स्क्रीनचा उजेड कमी-जास्त करायची बटणं. झाकण मिटून पाच मिनिटांनी उघडा. प्रोजेक्टर लागत असेल तर एचडीएमआय. जे चालत नाही त्याचा आकडा कागदावर लिहा, त्याबद्दल शोधा, मग ठरवा. आणि प्रोसेसर फक्त ३२ बिटचा असेल तर इथेच थांबा. डेबियननेही ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या १३ व्या आवृत्तीपासून त्याचा इन्स्टॉलर बंद केला. असं मशीन आता कशाला ओढायचं, असं माझं मत.

शोधताना तारीख बघत चला. एनडिसरॅपर हा शब्द दिसला की पान बंद करा. विंडोज एक्सपीचे ड्रायव्हर लिनक्सवर चालवायचा तो जुगाड होता. त्या काळी त्याने अनेकांना तारलं, आज तो गुंताच वाढवतो.

शेवटचं, आणि हे दोन-तीन महिन्यांनी लागेल. बाहेरून आणलेला ड्रायव्हर कर्नलबरोबर येत नाही, म्हणून कर्नल बदललं की तो पुन्हा बनवावा लागतो. डीकेएमएस हे काम आपोआप करतं. क्वचित नव्या कर्नलवर तो बनतच नाही आणि अपडेटनंतर सकाळी वाय-फाय गायब. तेव्हा पुन्हा सगळं टाकायला घेऊ नका. मशीन सुरू होताना शिफ्ट दाबून धरा, यूईएफआय मशीन असेल तर एस्केप एकदा दाबा, ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जा आणि यादीतलं आधीचं कर्नल निवडा. ते डिस्कवर जपून ठेवलेलं असतं. त्यावर काम चालू ठेवा, एक-दोन आठवड्यांनी दुरुस्त पॅकेज आलंय का बघा.

मराठी टायपिंग, इनस्क्रिप्ट आणि श्रीलिपीत टाईप केलेल्या जुन्या फाइलींचं काय करायचं, यावर पुढचा भाग करते. एखादं कार्ड अडलं असेल तर मला लॅपटॉपचं नाव नको, एलएसपीसीआयमधला तो जोड-आकडा पाठवा. भेटू.